‘माय’ नावाचं फोल्डर

माय,

घरात एक नवा डबा आणला आहे. काळा, विटेएवढा, समोर हिरवे दिवे लुकलुकत असतात. तुझ्या वेळी आपल्याकडे कम्प्युटरही नव्हता, म्हणून आधी हे सांगतो. घरातले सगळे फोटो, माझ्या दुकानाची कामं, तुझ्या नातीची चित्रं, सगळं या डब्यात एका जागी राहतं आणि घरातल्या कुठल्याही कम्प्युटरवर बसून ते उघडता येतं. कोणी काय उघडायचं आणि कोणी नाही, हे मात्र एका माणसाला ठरवून द्यावं लागतं. आमच्या घरात तो माणूस मी आहे. मी ते कसं ठरवलं हे तुला सांगायला बसलो आहे, आणि सुरुवात करतानाच लाज वाटते आहे.

तुझ्या कॅसेटी अजून आहेत. बाबा तेव्हा एटापल्लीकडे लाकडाच्या डेपोवर कारकून होते आणि आपण दोघं मूल गावी. तुला पत्र लिहायचा भारी कंटाळा. पेन हातात घेतलं की तुला एकदम भांडी आठवायची. म्हणून बाबांनी एका सुट्टीत चंद्रपूरहून टेपरेकॉर्डर आणला आणि तुला म्हणाले, लिहू नको, बोल. मग तू स्वयंपाकघरात बोलायला लागलीस. मला ते अजून दिसतं. तू चुलीपुढे बसली आहेस, टेप पाटावर आहे, त्याचं लाल बटण दाबलेलं आहे. तू मासे साफ करते आहेस आणि बाबांना सांगते आहेस की शेजारणीची गाय व्यायली, राइस मिलच्या कोंड्यानं वाळत घातलेले कपडे पुन्हा मळले, सांबाराची जुडी महाग झाली. मधेच उकळी येते तेव्हा तू थांबतेस, झाकण काढतेस, पुन्हा बोलतेस. बोलून झालं की ब्लाउजाच्या उरलेल्या कापडात कॅसेट गुंडाळून मला देतेस, मी धावत स्टँडवर जातो आणि एटापल्लीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो. बाबांनी त्यांतली एकही कॅसेट पुसून पुन्हा वापरली नाही. दर वेळी नवी पाठवायचे. तू रागवायचीस, तेही त्या कॅसेटींत असेल.

एक दिवस तू बोलत होतीस आणि मी दारात उभा होतो. शाळेत मी एका पोराच्या डोक्यात पाटी घातली होती, ते तू बाबांना सांगायला लागलीस. मी पुढे झालो आणि बटण दाबून टेप बंद केला. तू मला मारलं नाहीस. माशाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “बाबू, हे तुह्यं नोहे. हे माह्यं नं तुह्या बाबाचं हाय. कोणाले काय आयकू द्याचं ते तू नाई ठरवाचं.” मग हात धुतलेस, बटण दाबलंस, आणि पाटीची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितलीस.

तू गेल्यानंतरचं तुला कोणी सांगितलं नसेल. ताप डोक्यात चढला, तुला चंद्रपूरला नेलं, आणि तिथून आम्ही तुझा देह घेऊनच परत आलो. मी बारावीत होतो. पुढच्या वर्षी पाहुण्यांनी मिळून बाबांचं दुसरं लग्न लावलं. ती मूलजवळच्याच एका गावची, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली. तिचा पहिला नवरा वारला होता, लेकरू नव्हतं. घरात आली तेव्हा तिला काय म्हणायचं हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेजारच्या कोणत्याही मोठ्या बाईला म्हणावं तसं मी तिला ‘बाई’ म्हणालो, आणि ते तसंच राहिलं. ती मला ‘भाऊ’ म्हणते. मी शिकायला चंद्रपूरला निघून आलो. सुट्टीत घरी गेलो की ताट समोर यायचं, मी जेवायचो, उठायचो. तिनं मला कधी तोडून बोललेलं मला आठवत नाही. मी तिच्याशी बोललेलंही फारसं आठवत नाही.

नंतर मी इथे चंद्रपूरला दुकान टाकलं. दुकानदारांना बिलं छापायचे कम्प्युटर लावून देतो, भद्रावतीच्या कॉलनीत घरोघरी जाऊन इंटरनेट जोडून देतो. लग्न झालं, मुलगी झाली. बाबा रिटायर झाले तेव्हा मूलचं घर सोडून दोघंही माझ्याकडे राहायला आले. येताना बाबांनी ती कॅसेटींची पेटी मांडीवर घेऊन बसमधून आणली. टेपरेकॉर्डर तोवर खराब झाला होता, फिती चिकटायला लागल्या होत्या. म्हणून एका हिवाळ्यात मी वायर लावून सगळ्या कॅसेटी कम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या आणि त्या फोल्डरला ‘माय’ असं नाव दिलं. पुढच्या खोलीतल्या कम्प्युटरवर बाबा ते दुपारी ऐकायचे. मी दुकानात असायचो. बायको सांगायची, आज बाबा बराच वेळ ऐकत होते. मला बरं वाटायचं. वाटायचं, मी काहीतरी चांगलं केलं.

यंदा जुन्या कम्प्युटरची डिस्क टकटक वाजायला लागली. ती बसली असती तर सगळंच गेलं असतं, म्हणून नागपूरहून हा डबा आणला आणि सगळी फोल्डरं त्यात हलवली. एक गोष्ट मात्र हलत नाही. जुन्या मशीनवर कोण काय उघडू शकतो याचं जे काही ठरलेलं असतं ते तिथेच राहतं, नव्यावर पुन्हा मांडावं लागतं. जुन्यावर मी काहीच ठरवलं नव्हतं, सगळं सगळ्यांना उघडं होतं. नवा डबा मात्र विचारतो. घरात कोण कोण आहे, त्यांची नावं सांगा. हे फोल्डर कोणी पाहायचं, कोणी त्यात बदल करायचा, कोणाला अजिबात नाही. रविवारची सकाळ होती. मी चहा घेऊन बसलो आणि घरातल्या माणसांची नावं टाकत गेलो. मी, बायको, मुलगी, बाबा. मग बाई. बाबा आणि बाई दोघंही पुढच्या खोलीतला कम्प्युटर वापरतात म्हणून त्या दोघांचा एक गट केला, त्याला ‘मोठी माणसं’ म्हटलं. फोटो सगळ्यांना, दुकान फक्त मला, चित्रं मुलीला. आणि मग ‘माय’वर आलो.

त्या रविवारच्या आठ-दहा दिवस आधी एक गोष्ट घडली होती. मी दुपारी जेवायला घरी आलो होतो आणि बाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत गुणगुणत होती. धानाच्या रोवणीचं गाणं होतं, चिखलात वाकून बाया म्हणतात ते. आपल्याकडच्या सगळ्या बायांना येतं, तिलाही येत असणारच. पण जिथे बाकीच्या बाया ‘बंधू’ म्हणतात तिथे तू ‘बाबू’ म्हणायचीस. तुला माहेरी भाऊ नव्हता म्हणून तू त्या जागी मला घातलं होतंस. बाई ‘बाबू’ म्हणाली. मी दारात थांबलो. मी आलेलं तिला कळलं नाही. माय, मला इतका राग आला की मी न जेवता परत गेलो. दुकानात बसून मी मनात एकच घोळवत राहिलो. ही बाबांबरोबर बसून ऐकते. तुझं घर तिला मिळालं, तुझी भांडी मिळाली, बाबा मिळाले, आता तुझा आवाजही घेते आहे.

म्हणून त्या रविवारी मी ठरवलं की ‘माय’ बाईला उघडणार नाही. पण तिच्या नावासमोर नकाराची खूण करायची वेळ आली तेव्हा माझा हात थांबला. बायकोनं कधी ते पान पाहिलं असतं, मुलीनं पाहिलं असतं, तर तिथे सरळ लिहिलेलं दिसलं असतं: बाई, नाही. ते दिसायला नको होतं. मग मी काय केलं, तर त्या ‘मोठी माणसं’ गटालाच नकार दिला आणि बाबांना त्यांच्या नावानं वेगळी परवानगी दिली. वरवर पाहणाऱ्याला ते काहीतरी तांत्रिक वाटलं असतं. मला वाटलं काम झालं. या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे ठाऊक हवं की एकाच माणसाला एकीकडून हो आणि दुसरीकडून नाही म्हटलेलं असेल तर मशीन नाही धरतं. गटाला दिलेल्या नकारात बाबाही होते. गिऱ्हाइकाचं काम असतं तर मी प्रत्येकाच्या नावानं उघडून पाहिल्याशिवाय उठलो नसतो. इथे मी उघडून पाहिलं नाही. तपासायला बसलो असतो तर आपण काय केलं ते पुन्हा पाहावं लागलं असतं.

नंतर बाबा पुढच्या खोलीत बसेनासे झाले. दुपारभर अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. मला दिसत होतं. वाटलं वय झालं, कंटाळले असतील. एकदा मी विचारलंही, ऐकत नाही का आजकाल? ते म्हणाले, “आयकलं नं बहुत दिवस.” एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पुढे विचारलं नाही. पाऊस आला तशी खुर्ची व्हरांड्यात आली. पोळा झाला. बायको पाहुण्यांना डबा दाखवायची, आता आमचे फोटो कधी हरवणार नाहीत म्हणायची, आणि मी शेजारी उभा राहून हसायचो.

मग एक दिवस भरदुपारी बाई दुकानात आली. ती कधी दुकानात आली नव्हती. ऑटोनं आली होती, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि आत दोन गिऱ्हाइकं होती म्हणून बाहेर पायरीवरच उन्हात उभी राहिली. मला वाटलं बाबांना काही झालं. मी धावत बाहेर गेलो. ती म्हणाली, तसं काही नाही, तुझं काम होऊ दे. गिऱ्हाइकं गेल्यावर आत आली, मी स्टूल दिलं, ती बसली नाही.

“भाऊ, तुह्या बाबाले ते मायचं आयकू येत नाई,” ती म्हणाली. “नवा डबा आला तवापासून.”

मी म्हणालो, उघडत नसेल काहीतरी, पाहतो.

“दुसरं सारं उघडते,” ती म्हणाली. “फोटो उघडते, पोरीचं उघडते. तेवढंच नाई उघडत. त्याईच्या नावानं पाह्यलं, माह्या नावानं पाह्यलं. मले इंग्रजी वाचता येत नाई, पण नाई म्हणनारी पाटी कळते.”

ती सांगत होती आणि मी टेबलावरच्या वायरी गुंडाळत होतो. सूनबाईच्या कम्प्युटरवर ते उघडतं हे तिला कळलं होतं. तिनं बाबांना म्हटलं होतं, चला तिकडे बसून ऐका. बाबा गेले नाहीत. म्हणाले, त्यानं बंद केलं असेल तर दुसऱ्या दारानं जायचं नाही, त्याची माय आहे, त्याचा हक्क आहे. आणि तिला बजावलं होतं की मला विचारायचं नाही. म्हणून ती भाजी आणायला जाते सांगून घरातून निघाली होती.

मग तिनं ते म्हटलं. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, पदराचं टोक तेवढं बोटाभोवती गुंडाळत होती. “माह्यावरचा राग असन तं माह्यावर काढ. त्याईचं चालू करून दे. ते आयकतीन तवा मी अंगनात जाऊन बसीन.”

मी विचारलं, तुम्ही रोज त्यांच्याजवळ बसून ऐकता का? आवाज माझा मलाच पोलिसासारखा वाटला. तिला बहुतेक वाटलं होतं की हे मला माहीत असेल. मग तिनं सांगितलं. बाबांना ते स्वतः कधी लावताच आलेलं नाही. लग्न होऊन ती आली तेव्हा पहिल्या महिन्यातच बाबांनी टेप काढला, कॅसेट घातली, आणि बटण दाबायच्या आत रडायला लागले. बटण तिनं दाबलं. तेव्हापासून लावून द्यायचं काम तिचंच. पुढे बाबांची नजर अधू झाली, कम्प्युटर आला, तेव्हा ते कसं उघडायचं हे ती तुझ्या नातीकडून शिकली.

“मी नवीन आली तं मले या घरचं काईच माईत नवतं,” ती म्हणाली. “त्याईले मासोळीत आंबट किती लागते, तुले वांगं चालत नाई, तू तापानं बडबडतो तं डोकशावर काय ठेवाचं. कोनाले पुसू? तूही बोलत नोहता. तुह्या मायनंच मले सांगतलं सारं. त्याईचं झाल्यावर मी मांगून एकटी बी लावत होती.”

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिला गाडीवर मागे बसवून घरी निघालो. इतक्या वर्षांत ती माझ्या गाडीवर पहिल्यांदा बसली होती. पकडायला जागा होती तरी तिनं माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागची दांडी धरून बसली. वाटेत तिनं थांबायला सांगितलं आणि खरंच भाजी घेतली, कारण बाबांना तसं सांगितलं होतं. मी गाडी चालू ठेवून उभा होतो. ती दोडके निवडून घेत होती आणि मला आठवत होतं की तिच्या हातचं वांगं माझ्या ताटात कधीच आलेलं नाही. मला वाटायचं ते आपोआप होत होतं.

घरी बाबा व्हरांड्यात होते. आम्हाला दोघांना गाडीवरून उतरताना पाहून त्यांनी चष्मा सारखा केला. मी आत गेलो, बसलो, ते पान उघडलं. नकाराची खूण काढायला एक टिचकी लागते. काढली. मग ‘बाबा’ नावानं उघडून पाहिलं, ‘बाई’ नावानं उघडून पाहिलं. दोन्हीकडे कॅसेटींची रांग आली. बाबांना हाक मारली. ते दाराशी आले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

“चालू झालं का?” त्यांनी विचारलं.

हो म्हणालो.

“बिघडलं होतं का काई?”

माय, मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. दुकानातून घरापर्यंत मी तेच ठरवत आलो होतो. पण बाबा असे उभे होते, त्या ‘बिघडलं’ शब्दाला असे टेकून, की मी म्हणालो, हो, नवीन मशीन आहे, सेटिंग बिघडलं होतं. बाबांचा सगळा चेहरा सैल पडला. “मले वाटलं...” ते म्हणाले. बाई त्यांच्या मागे पिशवी घेऊन उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, “मशीनच हाय, बिघडते,” आणि खुर्ची पुढे ओढून बाबांना बसवलं. माझ्या खोटं बोलण्याला तिनं आधार दिला. माझ्याकडे पाहिलंही नाही. तेवढ्यानं मी जमिनीत गेलो. तिनं मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं तर कदाचित बरं वाटलं असतं.

तिनं फाइल लावली. तुझा आवाज सुरू झाला, भांड्याचा आवाज आला. बाई दुकानात कबूल केल्याप्रमाणे अंगणाकडे निघाली. मी म्हणालो, “बाई, तुमी बसा.” तिनं बाबांकडे पाहिलं, मग खाली चटईवर बसली आणि दोडके चिरायला घेतले. मी तिथे थांबलो नाही. दुकान उघडं टाकून आलो होतो हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी गेलो नाही.

आता ते रोज ऐकतात. बाई मला अजून ‘भाऊ’च म्हणते आणि मी तिला ‘बाई’. बोलणं मात्र वाढलं आहे. परवा तिनं विचारलं की तुझ्या एका कॅसेटीत तू कोण्या आत्याबाईच्या घरची पानगी कशी थापतात ते सांगतेस, ती आत्याबाई कोण? मला माहीत नव्हतं. मी बाबांना विचारून तिला सांगितलं. मग ती हसली आणि म्हणाली, त्या कॅसेटीत शेवटी तू बाबांना सांगतेस की बाबू झोपला आता, तोंड उघडं टाकून झोपला आहे. मी हो म्हणालो, जणू मला ते ठाऊक होतं.

हे पाठवायची काही सोय असती तरी मी पाठवलं नसतं, कारण तू पहिल्यांदा जे विचारलं असतंस त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कॅसेटी उतरवून घेतल्या त्या हिवाळ्यात मी स्पीकर बंद ठेवला होता. पडद्यावर आवाजाची नुसती रेघ वरखाली होताना पाहत होतो, तू बोलतेस कुठे आणि थांबतेस कुठे ते त्यावरून कळायचं. त्या दिवशी बाबा खुर्चीत बसले आणि तुझा आवाज सुरू झाला, तेव्हा मी तुझे चार शब्द ऐकले आणि बाहेर पडलो. बाकी मी अजून काही ऐकलेलं नाही, माय.